जुनी ऑफ-रोड एसयूव्ही घेताना: नावाआधी इंजिन, किमतीआधी चासी

जुन्या फोर बाय फोर गाड्यांची चर्चा सुरू झाली की ती पहिल्या पाच मिनिटांत कंपन्यांच्या नावांवर येते. टोयोटाची लँड क्रूझर चांगली की निस्सानची पॅट्रोल, जीपची रँग्लर की लँड रोव्हरची डिफेंडर? नव्या गाडीसाठी ही तुलना निदान अर्धी तरी उपयोगी असते. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीसाठी ती जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण एकाच नावाखाली अत्यंत मजबूत आणि अत्यंत खर्चिक अशा दोन्ही गाड्या विकल्या गेलेल्या असतात. निस्सान पॅट्रोलची वाय६१ ही पिढी घ्या. तिच्यात ४.२ लिटरचे टीडी४२ डिझेल इंजिन असेल, तर नीट देखभालीवर ती कित्येक लाख किलोमीटर चालते. त्याच गाडीत सुरुवातीच्या वर्षांतले ३ लिटरचे झेडडी३० इंजिन असेल, तर ते पिस्टन निकामी होण्यासाठी बदनाम आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

म्हणून तुलना करायची ती मॉडेल, पिढी, इंजिन, गिअरबॉक्स आणि शेवटी समोर उभी असलेली ती एक गाडी, या क्रमाने. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: गाडी कुठे जाणार ते आधी लिहून काढा

कच्चा रस्ता, शेतातला चिखल, वाळू, खडकाळ चढ आणि वस्तीपासून दूरचा लांबचा प्रवास, या पाच वेगवेगळ्या गरजा आहेत. खडकात पुढे-मागे अखंड ऍक्सल (डावे-उजवे चाक जोडणारा एकच ताठ दांडा) असलेली, छोटी, लॉक होणारे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच; तो लॉक केला की दोन्ही चाके एकत्र फिरतात) असलेली गाडी शोभते. लांबच्या प्रवासाला मोठी इंधन टाकी, भार पेलणारे सस्पेन्शन आणि कुठेही मिळणारे सुटे भाग जास्त महत्त्वाचे. कच्च्या रस्त्यापलीकडे जायचे नसेल, तर लॉकर आणि उंच सस्पेन्शनसाठी जादा पैसे मोजू नका. त्याच पैशांत कमी चाललेली, निगा राखलेली साधी गाडी मिळेल.

फोर व्हील ड्राइव्हचा प्रकारही इथेच ठरवा. पार्ट-टाइम पद्धतीत पुढची आणि मागची चाके एकमेकांना घट्ट जोडली जातात. कोरड्या डांबरावर तशी गाडी वळवली की सगळा ताण ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि शाफ्टवर येतो. पुढच्या आणि मागच्या ऍक्सलच्या मध्येही डिफरन्शियल असलेल्या गाड्यांना हा त्रास नसतो. मित्सुबिशी पजेरोची सुपर सिलेक्ट पद्धत दोन्ही प्रकारे चालवता येते. पाऊस, बर्फ आणि डांबर यांचा मिश्र प्रवास असणाऱ्यांसाठी मला ती फार समंजस रचना वाटते.

दुसरी पायरी: विश्वासार्हतेला तीन प्रश्न विचारा

गाडी किती वेळा बिघडते हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा प्रश्न असा, की बिघडल्यावर ती कशी बिघडते? दरवाजाची काच अडकणे आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) तुटणे या दोन्हींची नोंद कागदावर ‘एक बिघाड’ अशीच होते. पण वस्तीपासून दूर असताना पहिल्यात तुम्ही घरी पोहोचता आणि दुसऱ्यात गाडी तिथेच सोडावी लागते. तिसरा प्रश्न, तुमच्या भागातल्या मेकॅनिकला ती दुरुस्त करता येते का आणि भाग किती दिवसांत येतो? उत्तम गाडीसुद्धा एका सेन्सरसाठी महिनाभर उभी राहिली, तर तुमच्या दृष्टीने ती विश्वासार्ह नाही.

हे तीन प्रश्न घेऊन काही परिचित गाड्यांकडे पाहू.

टोयोटा लँड क्रूझरचा दबदबा मोठा आहे आणि तो बऱ्याच अंशी कमावलेला आहे. ७० सिरीज १९८४ मध्ये आली. तिच्यातले १एचझेड हे ४.२ लिटरचे, टर्बो नसलेले सहा सिलिंडर डिझेल इंजिन संथ आहे. पण साधे, सहनशील आणि दुर्गम भागातही दुरुस्त होणारे आहे. ८० सिरीजला पुढे-मागे अखंड ऍक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. खडतर वाटेवर ती आजही अनेकांची पहिली पसंती असते. मात्र तिच्यातल्या सुरुवातीच्या १एचडी-टी टर्बो डिझेलचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग लवकर झिजते. ते बदलल्याचा पुरावा नसेल, तर तो खर्च तुमच्या हिशेबात धरा. पुढच्या १०० सिरीजमधले ४.७ लिटरचे पेट्रोल व्ही८ खूप टिकाऊ आहे. त्याचा टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) साधारण दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो, आणि अनेक विक्रेते नेमक्या त्याच आकड्याच्या अलीकडे गाडी विकायला काढतात.

टोयोटाच्याच प्राडोची १२० सिरीज ३ लिटर डिझेलमध्ये पाहत असाल, तर इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरचा इतिहास विचारा. ते गळू लागले की जळलेला वायू ऑइलमध्ये मिसळतो, काजळी साचते, ऑइल खेचणारी जाळी तुंबते आणि चांगले इंजिन तेलावाचून मरते. ४ लिटरचे पेट्रोल व्ही६ असलेली प्राडो किंवा टोयोटा फोररनर जास्त इंधन पिते. पण त्या इंजिनाला टायमिंग चेन आहे आणि कटकटी मोजक्याच. लेक्सस जीएक्स ४७० आणि ४६० या प्राडोच्याच बहिणी. त्यांचे आधीचे मालक बहुधा शहरात चालवणारे असल्याने चासी कमी मार खाल्लेली मिळण्याची शक्यता जास्त असते. जिथे त्या विकल्या जात होत्या तिथे त्या अवश्य पाहा.

जीप रँग्लर घेताना साल नीट वाचा. २००६ पर्यंतच्या टीजे पिढीतले ४ लिटरचे सहा सिलिंडर इंजिन जुने आणि भरवशाचे. तिचा खरा शत्रू चासीचा गंज, विशेषतः मागच्या कंट्रोल आर्मच्या (ऍक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्यांच्या) जोडांजवळ. जेके पिढीत २००७ ते २०११ पर्यंत ३.८ लिटरचे इंजिन होते. ते ऑइल खाण्याबद्दल ओळखले जाते आणि वजनाच्या मानाने दुबळे आहे. २०१२ पासून ३.६ लिटर आले. ताकदीत फरक लगेच जाणवतो, पण सुरुवातीच्या काही इंजिनांत डाव्या सिलिंडर हेडचा दोष होता आणि ऑइल फिल्टरची प्लॅस्टिक बैठक गळण्याची तक्रार सर्रास आढळते. माझ्या मते दोन सालांच्या किमतीत थोडाच फरक असेल, तर ३.८ च्या वाटेला जाऊ नये. रुबिकॉन प्रकारात दोन्ही डिफरन्शियलला लॉक आणि खूप खालचा लो रेंज (हळू पण जोरदार ओढणारा जादा गिअर) मिळतो. नंतर बसवायला गेल्यास यातली प्रत्येक गोष्ट महाग पडते, त्यामुळे खडकात जाणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजणे योग्यच.

लँड रोव्हरबद्दल टोकाची मते ऐकू येतात. २०१६ मध्ये बंद झालेली जुनी डिफेंडर पान्यांनी उघडता येणारी गाडी आहे. तिचे पत्रे ॲल्युमिनियमचे असल्याने वरून ती ठणठणीत दिसते आणि खाली स्टीलची चासी, मागचा आडवा बीम आणि पुढची बल्कहेड (इंजिन आणि केबिन यांमधली भिंत) गंजून गेलेली असू शकते. तिच्यातल्या टीडी५ डिझेल इंजिनात ऑइल इंजेक्टरच्या वायरिंगमधून चढत इंजिनाच्या संगणकाच्या प्लगपर्यंत जाऊ शकते. तो प्लग काढून पाहायला दोन मिनिटे लागतात. डिस्कव्हरी ३ आरामात आणि वाट काढण्यात अप्रतिम आहे, हे मान्य करावेच लागेल. पण २.७ लिटर डिझेलचे क्रँकशाफ्ट तुटल्याची उदाहरणे बरीच आहेत, एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर थकतो आणि टायमिंग बेल्टसोबत इंजिनामागचा इंधन पंपाचा वेगळा बेल्टही बदलावा लागतो. ती स्वस्त मिळते त्याला कारण आहे. जवळ जाणता मेकॅनिक आणि राखून ठेवलेले पैसे, दोन्ही असतील तरच घ्या.

पजेरो मला सर्वांत कमी कौतुक झालेली गाडी वाटते. डाकार या लांब पल्ल्याच्या ऑफ-रोड शर्यतीत ती १२ वेळा जिंकली, तरी जुन्या बाजारात तिला लँड क्रूझरसारखा भाव सहसा येत नाही. १९९९ नंतरच्या पजेरोला वेगळी शिडीसारखी चासी नाही. ती सांगाड्यातच एकजीव केलेली आहे, त्यामुळे गंज लागला तर दुरुस्ती किचकट. ३.२ लिटर डिझेलमध्ये टायमिंग चेन सैल पडल्याचा खडखडाट आणि हवेच्या मार्गात साचलेली काजळी, एवढे तपासा. सुझुकी जिम्नी छोटी, हलकी, खऱ्या चासीची आणि अखंड ऍक्सलची. १९९८ ते २०१८ या पिढीत पुढची चाके फोर व्हील ड्राइव्हला जोडणारे, व्हॅक्यूमवर चालणारे हब काम करत नाहीत आणि स्टिअरिंग थरथरते, या दोन तक्रारी नेहमीच्या. दोन्हींवर उपाय स्वस्त आहेत. लांबच्या हायवेला आणि चार माणसांच्या सामानाला मात्र ती पुरत नाही.

एक नेमकी तपासणी इथेच सांगतो, कारण तिच्यामुळे मोठा खर्च वाचतो. २००५ ते २०१० च्या निस्सान पाथफाइंडर आणि एक्सटेरा गाड्यांत रेडिएटरच्या आत असलेला गिअर ऑइलचा कूलर फुटतो आणि कूलंट ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये शिरते. गिअर ऑइल गुलाबी दुधासारखे दिसले, तर गिअरबॉक्स संपला असे समजा. रेडिएटर आधीच बदललेला असेल, तर तीच गाडी चांगला सौदा ठरते.

तिसरी पायरी: किमतीऐवजी वर्षाचा खर्च काढा

जाहिरातीतली किंमत हा हिशेबाचा फक्त पहिला आकडा. खरेदी किंमत, घेतल्याबरोबर करावी लागणारी कामे आणि जितकी वर्षे ठेवणार तितक्या वर्षांची देखभाल यांची बेरीज करा. त्यातून विकताना येईल ती रक्कम वजा करा आणि वर्षांनी भागा.

कल्पित उदाहरण घेऊ. ‘अ’ गाडीची किंमत १०० धरा. सुरुवातीची कामे ८, वर्षाची देखभाल ६, पाच वर्षांनी विक्री ८०. बेरीज १३८, त्यातून ८० गेले, उरले ५८; म्हणजे वर्षाला ११.६. ‘ब’ गाडी ६० ला मिळते. सुरुवातीची कामे १५, देखभाल वर्षाला १२, पाच वर्षांनी विक्री २५. इथे वजाबाकीनंतर ११० उरतात, म्हणजे वर्षाला २२. चाळीस टक्के स्वस्त दिसणारी गाडी वर्षाला जवळपास दुप्पट महाग पडली. भाव टिकवून ठेवणाऱ्या गाड्यांना जास्त पैसे का पडतात, ते या हिशेबात स्पष्ट दिसते. हाच हिशेब उलटही लागतो. मोठ्या नावाची गंजलेली गाडी ११० ला घेतली आणि चासीच्या कामाला ३० लागले, तर नाव तुम्हाला वाचवत नाही.

इंधन आणि विमा दोन्ही गाड्यांना वेगळे लागत असतील, तर तेही मिळवा. टायर विसरू नका. मोठ्या मापाचा ऑल-टेरेन संच हा लहान खर्च नाही.

चौथी पायरी: पाहायला जाण्याआधी कागद आणि फोन

सर्व्हिसच्या नोंदी, किती मालक झाले, अपघाताची नोंद आणि चासी क्रमांक मागून घ्या. त्या क्रमांकावरून कंपनीने जाहीर केलेले रिकॉल पूर्ण झाले का ते कळते. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर प्रचंड संख्येने गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि त्यांत अनेक एसयूव्ही होत्या. ही दुरुस्ती फुकट होते आणि जिवाशी संबंधित आहे.

फोनवर एकच गोष्ट ठामपणे सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.

पाचवी पायरी: गाडीखाली झोपा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. इंजिन बदलता येते, गिअरबॉक्स बदलता येतो; सडलेली चासी असलेली गाडी मात्र मुळातच संपलेली असते. टॉर्च, छोटी हातोडी आणि जुने कपडे घेऊन जा. चासीवर ठिकठिकाणी हलके ठोका. निरोगी स्टील खणखणते, आतून कुजलेले बोदे वाजते. मागच्या चाकांच्या वरचा बाक, सस्पेन्शनचे जोड, आडवे बीम आणि चासीच्या आतली पोकळी या जागा आधी पाहा. समुद्रकाठी किंवा बर्फावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशात राहिलेल्या गाडीला दुप्पट वेळ द्या. वरवरचा तांबूस थर चालतो. पापुद्रे सुटत असतील किंवा पेचकस आत जात असेल, तर तिथेच थांबा. खालून नुकताच काळा रंग मारलेला दिसला, तर विक्रेत्याला कारण विचारा आणि रंगाखाली काय आहे ते पाहण्याचा आग्रह धरा.

मग माराच्या खुणा. संरक्षक पत्र्यावरचे ओरखडे वापर दाखवतात, तेवढ्याने घाबरू नका. पण चासीला पडलेली वाक, नव्याने केलेले वेल्डिंग, एका बाजूला सरकलेला ऍक्सल आणि चेपलेला शाफ्ट सोडून देण्यासारखे नाहीत. अखंड पुढचा ऍक्सल असलेल्या बऱ्याच गाड्यांत चाकामागे मोठा गोल सांधा असतो, तो पाहा. तिथून ग्रीस आणि ऑइलचे काळे मिश्रण वाहत असेल, तर आतले सील गेले आहेत आणि जॉइंट उघडावा लागेल.

पाण्यातून गेलेली गाडी स्वतःहून बोलते, फक्त योग्य ठिकाणी विचारावे लागते. शक्य असेल तर दोन्ही डिफरन्शियलचे प्लग उघडून ऑइल पाहा. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरले. प्लगच्या चुंबकावर बारीक करडी भुकटी सामान्य आहे, धातूचे तुकडे नाहीत. गालिचा उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, डॅशबोर्डखाली आणि अल्टरनेटरच्या फटींत सुकलेला गाळ शोधा, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी बोट फिरवा. गाडीचा पत्रा चकाकवता येतो. या जागा धुवायचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

सहावी पायरी: थंड इंजिन, मग रस्ता, मग लो रेंज

बॉनेटला हात लावून इंजिन खरेच थंड आहे याची खात्री करा. सुरू करताच धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट जळत असण्याची शक्यता आहे. डिझेलमधला सततचा काळा धूर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गाकडे बोट दाखवतो. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करून पाहा. थोडी वाफ ठीक, पण झाकण नाचायला लागले तर पिस्टन रिंग झिजलेल्या असू शकतात.

गाडीच्या संगणकातल्या दोषांच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावा. चुका पुसलेल्या असतील तर ‘काही दोष नाही’ असे दिसते, पण गाडीच्या स्वयंचाचण्या अपूर्ण असल्याचेही दिसते. कालच बॅटरी काढली होती असे कारण मिळाले, तर काही दिवसांनी पुन्हा स्कॅन करू द्या असे सांगा.

रस्त्यावर निदान अर्धा तास चालवा आणि त्यात वेगाचा रस्ता असू द्या. अखंड पुढच्या ऍक्सलच्या गाडीत खड्डा लागल्यावर स्टिअरिंग जोरात थरथरून थांबतच नसेल, तर जोडांमध्ये ढिलेपणा आहे. कारण नेमके सापडेपर्यंत सौदा नको. केवळ स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा भाग) नवा बसवून हा दोष झाकला जातो. ऍक्सिलरेटर सोडताना आणि परत दाबताना ‘ठक’ असा आवाज येतो का, तोही कान देऊन ऐका.

त्यानंतर माती किंवा खडीवर फोर व्हील, लो रेंज आणि प्रत्येक लॉकर लावून पाहा. वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे लिव्हर अडकतो, व्हॅक्यूमच्या नळ्या फुटतात, लॉकरची मोटर गंजते. डॅशबोर्डवरचा दिवा लागला एवढ्यावर समाधान मानू नका. गाडी खरोखर ओढते का ते पाहा. ज्यासाठी तुम्ही ही गाडी घेता आहात तेच जर चालत नसेल, तर बाकी तपासणीचा उपयोग काय?

सातवी पायरी: केलेल्या बदलांची किंमत उणे धरून सुरुवात करा

विक्रेता लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र), मोठे टायर यांचे पैसे किमतीत जोडून सांगतो. मी उलट बाजूने विचार करतो. उंचावलेली गाडी बहुधा कठीण वाटेवर गेलेली असते, आणि शाफ्टचे कोन बदलल्याने तिचे जॉइंट लवकर झिजतात. दर्जेदार भाग, पावत्या आणि नीट बांधलेले वायरिंग असेल तरच त्यांना मूल्य द्या. नुसत्या टेपने गुंडाळलेल्या उघड्या तारा आणि फ्यूजशिवाय जोडलेले दिवे दिसले, की बाकीचे कामही त्याच हाताने झाले असावे.

मोठ्या टायरचा आणखी एक परिणाम असतो. मूळपेक्षा १० टक्के मोठ्या व्यासाचा टायर असेल आणि मीटर जुळवून घेतला नसेल, तर मीटरवरचे १,००,००० किलोमीटर प्रत्यक्षात साधारण १,१०,००० असतात. टायर कधी बदलले ते विचारून हिशेब दुरुस्त करा.

आठवी पायरी: शेजारी शेजारी मांडा

दोन-तीन गाड्या पाहून झाल्या की प्रत्येकीची एक ओळ लिहा: चासीची अवस्था, इंजिनाचा ओळखीचा दोष आणि तो दुरुस्त झाल्याचा पुरावा, लो रेंज, लगेचची कामे, वर्षाचा खर्च. चासी नापास असेल तर ती ओळ सरळ खोडा. कमी चाललेली पण नोंदी नसलेली गाडी आणि दुप्पट चाललेली पण प्रत्येक ऑइल बदलाची पावती असलेली गाडी यांत मी दुसरी निवडेन. भाव करताना मोघम बोलू नका. टायमिंग बेल्ट, पुढच्या हबचे सील, चार टायर अशी कामांची यादी आणि गॅरेजचा अंदाज समोर ठेवा. प्रामाणिक विक्रेता त्यावर बोलतो.

नववी पायरी: घेतल्यावरचा पहिला महिना

इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे ऑइल बदला. कूलंट आणि ब्रेक ऑइलही बदला, मागच्या मालकाने काहीही सांगितले असले तरी. निघालेले ऑइल पांढऱ्या डब्यात ओतून रंग आणि कण पाहा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल जुने आणि करपलेले असेल, तर बदलण्याआधी जाणत्या मेकॅनिकचा सल्ला घ्या. ऍक्सल आणि डिफरन्शियलच्या श्वासनळ्या (आतली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या बारीक नळ्या) मोकळ्या आहेत ना ते बघा. त्या तुंबल्या, की पाण्यात उतरताच गरम हाउसिंग थंड होऊन सीलमधून पाणी आत ओढते. बेल्टचा पुरावा नसेल तर बेल्ट बदला. त्यानंतर हजारेक किलोमीटर घराच्या टप्प्यात चालवा, पुन्हा खाली झोपून गळती आणि नटबोल्ट तपासा, आणि मगच लांबच्या वाटेचे सामान भरा.